आक्काची डबी आणि माझी पाण्याची वही

मी दमलोय, हे आधीच सांगून ठेवतो. आजारातून उठलेल्या माणसांना आयुष्य नव्याने सुंदर वगैरे दिसायला लागतं म्हणतात. मला तसं काही झालेलं नाही. मला दुपारी झोप आवरत नाही, गोळ्यांमुळे उजवा हात थरथरतो, आणि कुणी 'आता अगदी फ्रेश दिसताय हं' म्हटलं की त्याला काहीतरी टोचून बोलावंसं वाटतं. तरी लिहायला बसलोय. डायलिसिसच्या खुर्चीवर पहिल्यांदा बसलेल्या माणसाला पाण्याबद्दल खरं कुणीतरी सांगायला हवं. मला कुणी सांगितलं नाही, असं मी बरेच दिवस म्हणत होतो. सगळ्यांनी सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं.

सुरुवात करणारा माणूस

मी एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या ऑफिसात वेळापत्रकं तयार करतो. कुठल्या वर्गाचा कुठला तास कुठल्या खोलीत, कुठल्या पेपरला कुणाचं सुपरव्हिजन, हे सगळं माझ्याकडे. चोवीस वर्षांत एकाही सरांना मी एका वेळी दोन वर्गांत पाठवलेलं नाही. स्वतःचं वेळापत्रक मात्र मला कधी पाळता आलं नाही. करता यायचं. करण्यात माझा हात कुणी धरला नसता. दर जानेवारीला नवी डायरी, तीन रंगांची पेनं, पट्टीने आखलेले रकाने. पहाटे टेकडी, मग प्राणायाम, रात्री दहा पानं वाचन. संक्रांतीपर्यंत सगळं बंद. माझी बायको वैशाली शाळेत गणित शिकवते. ती म्हणायची, "अहो, यंदा डायरी आणूच नका. कॅलेंडरच्या मागे लिहा, पंधरा दिवसांसाठी तेवढी जागा पुरते."

ब्लड प्रेशरची गोळी हीसुद्धा माझी अशीच एक सुरुवात होती. नऊ वर्षांत ती मी निदान वीस वेळा सुरू केली असेल. बरं वाटलं की बंद, डोकं दुखलं की चालू.

बहुतेक

पाय सुजायला लागले तेव्हा मी चप्पल बदलली. सकाळी मळमळायला लागलं तेव्हा पित्त म्हटलं. पुण्यात कशालाही पित्त म्हणता येतं आणि कुणी हरकत घेत नाही. शेवटी जिना चढून दारात बसलो, बूट काढायचं त्राण उरलं नव्हतं, तेव्हा वैशालीने रजा टाकली आणि मला घेऊन गेली.

रिपोर्ट बघून डॉक्टर मॅडमनी एकच प्रश्न विचारला. "बीपीची गोळी रोज घेत होतात?"

"हो. बहुतेक."

"बहुतेक म्हणजे आठवड्यातून किती दिवस?"

वैशालीने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने पर्सची चेन उघडली, लावली, परत उघडली. मी काहीतरी आकडा सांगितला. मॅडमनी तो लिहून घेतला नाही. मग त्यांनी सांगितलं, दोन्ही किडन्या जवळजवळ थांबल्यात. डायलिसिस लगेच सुरू करायचं. पुढेमागे घरातल्या कुणाची किडनी जुळली तर बघू.

खाली पार्किंगमध्ये वैशाली स्कूटरला किल्ली लावून नुसतीच उभी राहिली. "मी रोज विचारायचे, गोळी घेतली का. तुम्ही रोज हो म्हणायचात," ती म्हणाली.

"आता काय त्याचं?"

"काही नाही. सांगितलं फक्त."

त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. मरणाची भीती मला नंतर वाटली. त्या दोन दिवसांत मला फक्त लाज वाटत होती.

नऊशे

सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सात. आधी वजनकाटा, मग खुर्ची, मग हातात दोन जाड सुया आणि चार तास. लघवी जवळजवळ बंद झालेली असते, त्यामुळे प्यालेलं सगळं पाणी अंगात साठतं आणि ते मशीनने ओढून काढावं लागतं. फार साठलं तर काढताना पायात असे गोळे येतात की मोठी माणसं आईला हाका मारतात. मीही मारल्यात. म्हणून माप ठरवून दिलेलं असतं. मला दिवसाला नऊशे मिलिलिटर. त्यात पाणी, चहा, ताक, आमटी, गोळीबरोबरचा घोट, सगळं आलं.

माझी मुलगी मृण्मयी अकरावीत आहे. तिने एका बाटलीवर काळ्या मार्करने नऊशेची रेघ मारून दिली. एप्रिल महिना होता. ती बाटली मी टेबलावर ठेवायचो आणि कामाच्या कागदाऐवजी तिच्याकडे बघत बसायचो. जीभ टाळूला चिकटायची. एखादं पत्र वाचायला घेतलं की तिसऱ्या ओळीपर्यंत पहिली विसरायची. डोक्यात दुसरं काही राहायचंच नाही. चोवीस वर्षांत पहिल्यांदा मी एकाच हॉलमध्ये एकाच वेळी दोन परीक्षा लावल्या. प्राचार्यांनी काही न बोलता कागद परत पाठवला. ते ओरडले असते तर चाललं असतं.

घरी मी चिडका झालो. मृण्मयी भांडी विसळत होती आणि नळ वाहत होता, तर मी तिच्यावर केवढ्याने ओरडलो. तिने नळ बंद केला आणि म्हणाली, "बाबा, आता घरात नळाचा आवाजपण काढायचा नाही का?"  त्या दिवसापासून वैशाली स्वतःचं ताक स्वयंपाकघरात, ओट्याकडे तोंड करून, उभ्याउभ्या प्यायला लागली. मला ते बरेच दिवस कळलं नाही. कळलं तेव्हाही मी तिला काही बोललो नाही. बोलायला हवं होतं.

वही

मॅडमनी पाण्याची वही ठेवायला सांगितली. काय प्यालात, किती प्यालात, रोजच्या रोज. आता वही म्हटल्यावर मी कसला मागे हटतो! नवी कोरी दोनशे पानी, वेळेचा रकाना, मापाचा रकाना, शेवटी बेरीज लाल पेनाने. अकरा दिवस वही सुंदर चालली. बाराव्या दिवशी कॉलेजात निरोप समारंभ होता. चहा झाला, सरबत झालं, कुणीतरी हातात पन्हं दिलं. घरी येऊन वही उघडली आणि बेरीज लिहिली, नऊशे.

एकदा लिहिल्यावर दुसऱ्यांदा सोपं गेलं. पुढे तर मी याच्यावर कडी केली. रविवारी बसून पुढच्या आठवड्याचे आकडे आधीच भरून ठेवायला लागलो. वेळापत्रकाचं आमच्याकडे असंच असतं, आधी कागदावर सगळं बसवायचं आणि मग माणसं त्याप्रमाणे धावतात. मी स्वतःला सांगायचो की हे उद्दिष्ट आहे, समोर लिहिलेलं असलं की गाठता येतं. सोमवार नऊशे, मंगळवार नऊशे, बुधवार नऊशे. अक्षर मोत्यासारखं.

डायलिसिसच्या मनीषा सिस्टरनी एका बुधवारी वही पाहिली, काटा पाहिला आणि परत वही पाहिली. "वहीत दोन दिवसांचं मिळून दोन लिटरसुद्धा नाही," त्या म्हणाल्या, "आणि काट्यावर चार किलो वाढलंय. वरचं काय, भिजून आलात का?"

शेजारच्या खुर्चीवर इनामदार बसायचे. नाना पेठेत त्यांचं बुकबाइंडिंगचं जुनं दुकान होतं, आता मुलगा बघतो. सात वर्षं डायलिसिसवर, आणि वजन कधी दीड किलोच्या वर गेलेलं नाही. ते सिस्टरना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "साहेब, पाण्याशी भांडू नका. मी पाच नमाज पढतो. प्रत्येक नमाजनंतर एक पेला. मधे पेल्याला हात नाही. दिवसभर आता पिऊ की मग पिऊ असा विचार करत बसलो असतो तर वेडा झालो असतो."

"मी नमाज पढत नाही ना."

"मग तुमचं काहीतरी असेलच की दिवसात पाच वेळा होणारं," ते म्हणाले आणि डोळे मिटून पडून राहिले. मी ते तेव्हा कानाआड केलं.

एक दे त्याला

वैशालीला मधुमेह आहे, तिची किडनी चालणार नव्हती. लोणी काळभोरहून माझी मोठी बहीण आली, नंदा. आम्ही तिला आक्का म्हणतो. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा माझी वेणीफणी सोडून बाकी सगळं तिनेच केलं. चार गाई, थोडी भाजी, दाजी, मुलगा, सून, नातू असा तिचा संसार. ती डॉक्टर मॅडमसमोर खुर्चीच्या टोकावर बसली आणि म्हणाली, "मला दोन हायत ना? मग एक काढा आन् द्या त्याला. त्यात इचारायचं काय?"

तपासण्या जुळल्या. तोंड तपासताना मॅडम थांबल्या. "मिश्री लावता?"

"लावते की. लगीन व्हायच्या आधीपासनं."

"बंद करावी लागेल. तंबाखूच ती."

"किती दिस?"

"कायमची."

आक्काने पदराने तोंड पुसलं. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड तिने पस्तीस वर्षं रोज सकाळी, धारा काढून झाल्या की, गोठ्याच्या दारात उकिडवं बसून दातांना लावली होती. दिवसातली तेवढीच पाच मिनिटं ती कुणाचं काही ऐकायची नाही. "बरं," ती म्हणाली. विषय संपला.

मग मॅडमनी तिला बाहेर बसवलं आणि मला आत थांबवलं. माझी वही त्यांच्यासमोर होती. "ऑपरेशननंतर रोज ठरलेल्या वेळी गोळ्या घ्यायच्यात, जन्मभर. चुकवल्यात तर शरीर ती किडनी टाकून देईल. तुमच्या बहिणीची चांगली किडनी," त्या म्हणाल्या. "तुम्हाला एक वही खरी लिहिता येत नसेल, तर मी त्या बाईच्या पोटाला हात लावणार नाही. तीन महिने मला खरे आकडे दाखवा. कमी दाखवा असं म्हणत नाही, खरे दाखवा. मग फाईल पुढे पाठवते."

मी मान हलवली. येताना नवीन वही घेतली. पाच दिवस खरं लिहिलं. सहाव्या दिवशी परत नऊशे.

इथे मला काही मखलाशी करायची नाही. बहिणीची किडनी, स्वतःचा जीव, सगळं समोर असूनही मी खोटं लिहिलं. तहान इतकी होती हे खरं, पण खोटं लिहायला तहान लागत नाही. मला फक्त एक दिवस बिघडलेला दिसायला नको होता.

गोठ्यामागे

मे महिन्यात आक्काच्या नातवाचं जावळ होतं. रविवार, भर दुपार. लोणीला उन्हातून आलेल्या माणसाला आधी गूळ-पाणी देतात आणि नको म्हटलं तर यजमान दुखावतात. मी अकरा वेळा नको म्हटलं. मोजलं होतं. "एवढ्या लांबून आला आन् पानी बी नको?" असं म्हणत एका म्हाताऱ्या बाईंनी तांब्या माझ्या हातात कोंबला, तो मी वैशालीकडे दिला.

स्वयंपाकघराच्या दारात आक्काची सून सारिका वैशालीला सांगत होती, "सोळा दिस झाले आत्यांनी मिसरी सोडली. तोंड आलंय पार, भाकरी गिळत न्हाय. डोकं धरून बसत्यात. परवा यांच्यावर भांडं फेकलं. पन डबी तशीच हाय फळीवर, फेकू बी देत न्हाईत." माझ्याशी आक्का रोज फोनवर बोलायची. तोंड आल्याचं एका शब्दाने बोलली नव्हती.

हे ऐकून मी काय केलं? गोठ्यामागे गेलो. तिथे शेवग्याखाली पाण्याचा रांजण असतो, हे मला माहीत होतं. झाकणावरचा पेला भरला आणि प्यालो. दुसरा भरला. तो इतका गार होता की कपाळात कळ गेली. तिसरा भरून तोंडाला लावणार, तेवढ्यात मागे आक्का वैरणीची पाटी घेऊन उभी.

"कितवा?"

"पहिलाच."

"सुन्या."

"तिसरा."

तिने पाटी खाली ठेवली आणि घरात गेली. मला वाटलं वैशालीला बोलवेल. ती आली तेव्हा तिच्या हातात डबी होती. पितळेची, चपटी, तळहातात मावणारी. आमच्या आईची. तिने झाकण उघडलं आणि उजव्या हाताचं बोट आत बुडवलं.

"पी तू. पोटभर पी," ती म्हणाली. "मी लावते. दोघंबी सुटलो. उद्या दवाखान्यात सांगू, आमच्याच्यानं व्हत न्हाय म्हनून."

बोट काळं झालं होतं आणि हवेत थांबलं होतं.  मी आधी समजलो की ती मला धडा शिकवतेय. मग तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती बोटाकडे बघत होती, माझ्याकडे नाही. तिला ती मिश्री हवी होती. मला पाणी हवं होतं तितकीच हवी होती.

"आक्का, नको."

"का? तहान काय तुलाच लागती व्हय?"

मी पेल्यातलं पाणी शेवग्याच्या बुंध्याशी ओतलं. तिने बोट गोठ्याच्या भिंतीला पुसलं. भिंतीवर काळी रेघ उमटली. मग डबीचं झाकण दाबून लावलं आणि डबी माझ्या शर्टाच्या खिशात घातली.

"ही तू ने. हितं ऱ्हायली तर मी लावनार. मला म्हाईत हाय मी कशी हाय ते."

"मग फेकून का देत नाहीस?"

"आईची हाय," ती म्हणाली आणि पाटी उचलून गाईंकडे गेली.

मी तिथेच रांजणाला टेकून रडलो. लाज, राग, तहान, सगळं एकदम आलं. एक गाय माझ्याकडे बघत रवंथ करत होती, तिला काही फरक पडला नाही.

परतताना बसमध्ये वही काढली. आदल्या रविवारी लिहून ठेवलेला नऊशे खोडला आणि दिवसभराचं सगळं आठवून बेरीज मांडली. सतराशे पन्नास. वही वैशालीकडे दिली. तिने वाचली, ओठ हलवत बेरीज तपासली. "बरोबर आहे," एवढंच म्हणाली, आणि हडपसर येईपर्यंत वही मांडीवर उघडीच ठेवली.

घंटा

दुसऱ्या दिवशी सोमवार. मी इनामदारांना विचारलं, "दिवसात ठरलेल्या वेळी होणारं माझं काय असेल?"

"कॉलेजात घंटा होत नाही का?" ते म्हणाले.

चोवीस वर्षं त्या घंटा मीच लावत होतो आणि मला हे सुचलं नव्हतं. दीडशेचे सहा पेले. पहिला घरी गोळ्यांबरोबर, मग पहिल्या तासाची घंटा, मधली सुट्टी, जेवणाची सुट्टी, शेवटची घंटा, आणि सहावा रात्रीच्या जेवणाला. चहा आणि आमटीसुद्धा त्याच पेल्याने मोजायची. मधे हात नाही. आधी आकडा लिहायचा नाही, हे दुसरं कलम. पेला रिकामा झाला की पेन उचलायचं.

चमत्कार झाला नाही. तहान होती तेवढीच राहिली. पण दिवसभर तिच्याशी हुज्जत घालणं थांबलं, आणि दोन पेल्यांच्या मधल्या वेळात एखादं पत्र शेवटपर्यंत वाचून व्हायला लागलं. पहिलं संपूर्ण वेळापत्रक चुकीशिवाय बाहेर पडलं तेव्हा मी ऑफिसात दार लावून पाच मिनिटं नुसता बसून राहिलो. माझ्याकडे आनंद करायला तेवढंच बळ होतं.

संध्याकाळी सात वाजता, डेअरीला दूध घालून आली की आक्का फोन करायची. "किती?" ती विचारायची. मी आकडा सांगायचो. मग मी विचारायचो, "आठवण?" ती सांगायची, "दोनदा," किंवा "आज लई," किंवा "आज ढोरं आजारी, वेळच न्हवता." फोन खाली. तीन महिन्यांत या फोनवर आम्ही दुसरं काही बोललो नसू.

वहीत बाराशे आहेत, सोळाशे आहेत, एका दिवशी फक्त 'मोजलं नाही, कंटाळलो' असं आहे. तीन महिन्यांनी मॅडमनी पानं उलटली आणि सोळाशेवर बोट ठेवलं. "हे काय?"

"लग्न होतं. मठ्ठा."

"आणि हे मोजलं नाही?"

"नाही मोजलं."

त्यांनी वही मिटली. "हं. आता ही वही वाटतेय," म्हणाल्या आणि फाईलवर सही केली. मग रुग्णालयाच्या समितीने आक्काला विचारलं, तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का. आक्काने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "ह्याचा?" समितीतल्या एका गंभीर गृहस्थांना खोकला आला.

तीन लिटर

ऑपरेशनबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही, मी झोपलो होतो. जागा झालो तेव्हा पहिल्यांदा आक्काचं विचारलं. ती ठीक होती. माझ्या खाटेखालची पिशवी लघवीने भरत होती आणि सिस्टर ती कौतुकाने दाखवत होत्या. वैशाली काचेपलीकडे उभी होती. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि मग ती रडली, पार्किंगमध्ये राहिलेलं सगळं.

आता गंमत ऐका. नव्या किडनीला पाणी लागतं. दिवसाला तीन लिटर, बारा ग्लास. ज्याने दीडशेच्या पेल्यावर दिवस काढले त्याला म्हणाले, प्या. मला जमेना. दीडशे झाले की घसा आपोआप बंद व्हायचा, हात ग्लास खाली ठेवायचा. तहान लागेपर्यंत थांबावं म्हटलं तर तहानच लागत नव्हती. एवढ्या कष्टाने लावलेली सवय आता मोडायची होती, आणि मी फार थकलो होतो. तिसरी वही सुरू झाली.

तपासणीला गेलो तेव्हा कॉरिडॉरमध्ये इनामदार भेटले, चार तास संपवून बाहेर आलेले. त्यांना देणारं कुणी जुळलेलं नाही. मी पाण्याची बाटली पिशवीत मागे सरकवली. त्यांनी ती पाहिलीच.

"लपवता काय? काढा," ते म्हणाले. "प्या माझ्यासमोर. पोटभर पाणी पिणारा माणूस बघून किती वर्षं झाली."

मी प्यालो. ते मास्कवरच्या डोळ्यांनी हसत होते. मला मान वर करवत नव्हती.

कितवा

दीड महिन्याने आक्का तिच्या तपासणीला आली आणि मग कर्वेनगरला आमच्या घरी. तिचे रिपोर्ट चांगले होते. सोफ्यावर कुशीला हात लावून बसली. वैशाली चहा टाकायला आत गेली. माझ्यासमोर वही होती आणि बाजूला भरलेला ग्लास.

"माझी डबी कुठाय?" आक्काने विचारलं.

डायलिसिसला न्यायचो त्या पिशवीत ती अजून होती. मी आणून दिली. तिने झाकण उघडलं, नाकाजवळ नेलं आणि डोळे मिटले. आतून वैशाली बाहेर येता येता दारातच थांबली.  एक किडनी तिची माझ्या पोटात होती, तिला नको म्हणायचा मला काय अधिकार होता?

"अजून आठवण येते?" मी विचारलं.

"रोज. धारा काढून झाल्या की. गोठ्याच्या दारात जाऊन बसते तशीच."

"मग?"

"मग काय? बसते आन् उठते."

तिने झाकण लावलं, डबी पदराने पुसली आणि माझ्या हातात परत दिली. "तुझ्याकडंच असू दे," म्हणाली. मग तिचं लक्ष वहीकडे गेलं. तिच्याजवळ चष्मा नव्हता, तरी तिने वही लांब धरून पाहिली. सहाच्या खाली मी सात लिहून ठेवलं होतं. सातवा ग्लास समोर भरलेलाच होता.

"ह्यो कितवा?" तिने ग्लासाकडे बोट केलं.

मी पेन बाजूला सरकवलं.

आक्काने पेन उचललं, सातावर आडवी रेघ मारली आणि वही स्वतःच्या मांडीखाली घातली. मग ग्लास माझ्यापुढे सरकवला.

"आधी पी," ती म्हणाली. "मी बसलीय हितं."